खोबरेल आणि मुठेल घरात असताना ॲव्होकाडो तेल कशासाठी घ्यायचं?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. गुहागरजवळच्या तुमच्या बचत गटात तुम्ही केसांचं तेल आणि मुठेलाचा, म्हणजे कोकमाच्या बियांतून निघणाऱ्या घट्ट तेलाचा, भेगांचा बाम बनवता. गिऱ्हाईक ॲव्होकाडोचं नाव घेऊन विचारतं, म्हणून एक बाटली मागवलीत. केसांच्या तेलात ते जास्वंद-कढीपत्त्याबरोबर कढवलंत, तर पावसाळ्यात तेल खवट झालं. बाममध्ये घातलंत, तर बाम रवाळ झाला. आता तुम्ही विचारता की हे तेल खोबरेलपेक्षा खरंच चांगलं आहे का, आणि घालायचं तर किती?

कुठलं तेल चांगलं, असा हा प्रश्न नाही असं मला वाटतं. प्रत्येक तेलाचं काम वेगळं असतं. ॲव्होकाडो तेलाचं काम लावून तसंच ठेवायच्या वस्तूत आहे, म्हणजे कोरड्या त्वचेवर आणि केसांच्या रखरखीत टोकांवर. साबणासारखं जे लगेच धुऊन जाणार त्यात ते घालणं म्हणजे पैसे पाण्यात सोडणं. तुमचं तेल खवट झालं आणि बाम रवाळ झाला, पण या दोन्हींत दोष तेलाच्या जातीचा नाही. तो कढवण्यात आणि थंड करण्यात आहे. दोन्ही सुधारता येतं.

आधी तेलाबद्दल. ते बियांतून काढत नाहीत, गरातून काढतात. तेल ज्या मेदाम्लांचं बनलेलं असतं त्यांत साधारण ५० ते ७० टक्के ओलेइक आम्ल असतं, १० ते २५ टक्के पामिटिक, १० ते १५ टक्के लिनोलेइक. शिवाय थोडी स्टेरॉलं आणि व्हिटॅमिन ई. म्हणून ते जाड, मऊ आणि सावकाश जिरणारं तेल आहे. खोबरेलात निम्म्याच्या आसपास लॉरिक आम्ल असतं. त्याच्या रेणूची साखळी आखूड आणि सरळ असल्यामुळे ते केसाच्या आत शिरतं. २००३ साली खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना झाली होती. त्यात धुण्याआधी आणि धुतल्यानंतर लावल्यावर केसातलं प्रथिन कमी गळतं हे खोबरेलाच्याच बाबतीत दिसलं. ॲव्होकाडो तेलही काही प्रमाणात आत शिरतं, पण त्याचा मोठा भाग वरच राहतो आणि केसाला गुळगुळीत करतो. म्हणून न्हाण्याआधी मुख्यतः खोबरेल आणि न्हाल्यानंतर टोकांना ॲव्होकाडो, ही वाटणी मला बरोबर वाटते. खोबरेल सोडायचं काहीच कारण नाही.

आता बरंच काही परिस्थितीवर अवलंबून आहे, ते आधी सांगते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत एवढी ओल असते की बहुतेकांच्या चेहऱ्याला जाड तेलाची गरजच पडत नाही. डिसेंबर-जानेवारीत सकाळी मतलई वारा सुटतो, त्वचा ओढल्यासारखी होते, ओठ फुटतात. तेव्हा या तेलाचा उपयोग होतो. चेहरा धुऊन अर्धवट पुसलेला असताना दोन-तीन थेंब तळव्यावर चोळून नुसते दाबून लावायचे. चमचाभर तेल ओतलं तर ते जिरत नाही, घामाबरोबर उतरतं आणि उशी खराब करतं. मुरुमं येणाऱ्या तेलकट त्वचेला हे तेल सुचवू नका. अशा गिऱ्हाइकाला तेल हवंच असेल तर जास्त लिनोलेइकवालं करडईचं तेल हलकं पडतं. फक्त ते लवकर खवट होतं, म्हणून छोट्या बाटलीत द्यायचं.

कोंडा असलेल्यांना केसांच्या मुळाशी आणि शिबं असलेल्यांना डागांवर मात्र कुठलंच तेल देऊ नका. शिबं म्हणजे पावसाळ्यात छाती-पाठीवर उठतात ते पांढरट किंवा तपकिरी डाग. दोन्हींच्या मागे मालासेझिया नावाची बुरशी असते. ती ११ ते २४ कार्बनच्या मेदाम्लांवर वाढते, आणि तेल कुठलंही घेतलं तरी त्यात मुख्यतः तीच असतात. खोबरेल असो की ॲव्होकाडो, बुरशीला दोन्ही चालतात. कोंडा असलेल्याने तेल फक्त केसांच्या खालच्या अर्ध्या भागाला लावावं आणि कोंड्यावर डॉक्टरांच्या सल्ल्याने औषधी शाम्पू वापरावा. केस गळणं हा आणखी वेगळा विषय आहे. बाळंतपणानंतर, मोठ्या तापानंतर, लोह किंवा थायरॉईडच्या तक्रारीत केस जातात ते तेलाने थांबत नाहीत. तुमच्या बाटलीवर ‘केस वाढवते’ असं लिहू नका. ‘केस मऊ राहतात, कमी तुटतात’ एवढं खरं आहे, आणि तेवढं पुरे.

तान्ह्या बाळांबद्दल तर मी आग्रहाने सांगेन. बाळाच्या मालिशसाठी कुणी ॲव्होकाडो तेल मागितलं तर देऊ नका. ओलेइक जास्त असलेली तेलं त्वचेचा सगळ्यात वरचा थर थोडा सैल करतात. मोठ्या माणसाच्या टाचेला त्याचा त्रास होत नाही, पण बाळाची नाजूक किंवा इसब असलेली त्वचा त्याने आणखी कोरडी पडू शकते. आपल्याकडे बाळाला खोबरेल लावायची रीत आहे, ती चालू राहू द्या.

रबराच्या हातमोज्यांची किंवा फुग्यांची ॲलर्जी असलेल्यांना केळं, किवी, ॲव्होकाडो अशा फळांचीही ॲलर्जी असू शकते. शुद्धीकरण केलेल्या तेलात प्रथिनं जवळजवळ राहत नाहीत, पण हिरव्या कच्च्या तेलात अंश असू शकतो. म्हणून गिऱ्हाइकाला सांगा की कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून दोन दिवस वाट पाहा, मगच चेहऱ्याला लावा.

आता खरेदी, कारण निम्मं नुकसान इथेच होतं. आपल्याकडे विकलं जाणारं बरंचसं तेल बाहेरून येतं आणि महाग असल्यामुळे त्यात भेसळीचा मोह फार. २०२० साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतल्या संशोधकांनी अमेरिकेत विकली जाणारी खायची ॲव्होकाडो तेलं तपासली. ८२ टक्के नमुने एकतर मुदतीआधीच खवट झालेले किंवा दुसरं तेल मिसळलेले निघाले. काही बाटल्यांत तर जवळजवळ निव्वळ सोयाबीन तेल होतं. तिथे ही गत, तर आपण डोळे उघडे ठेवलेलेच बरे. कच्चं तेल गडद हिरवं, दाट आणि गवतासारख्या, किंचित लोण्यासारख्या वासाचं असतं. शुद्धीकरण केलेलं फिकट पिवळं, जवळपास बिनवासाचं. झगझगीत पोपटी रंगाचं तेल मी घेत नाही. फ्रिजमध्ये गोठतं की नाही यावरून शुद्धता कळत नाही, त्यामुळे ती परीक्षा करत बसू नका. पुरवठादाराकडून त्या लॉटचं तपासणीपत्र मागा. त्यात पेरॉक्साइड व्हॅल्यू (तेल किती खवट होऊ लागलंय ते सांगणारा आकडा, कमी तेवढा बरा) आणि तपासणीची तारीख पाहा. पत्र नाही म्हणाला तर दुसरा पुरवठादार शोधा.

तयार ‘ॲव्होकाडो हेअर ऑइल’ घेऊन त्यात मिसळत असाल तर लेबल वाचा. घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. पहिलं नाव मिनरल ऑइल आणि शेवटून दुसरं पर्सिया ग्रॅटिसिमा ऑइल (हेच ॲव्होकाडो तेल) असेल, तर तुम्ही खनिज तेलाचे पैसे देताय.

तुमच्या कामासाठी मी शुद्धीकरण केलेलं तेल सुचवीन. कच्च्यात व्हिटॅमिन ई आणि स्टेरॉलं थोडी जास्त असतात हे खरं, पण त्यातलं हरितद्रव्य उजेडात तेलाला झपाट्याने खवट करतं. पडवीतल्या फळीवर पारदर्शक बाटलीत ठेवलेलं हिरवं तेल एक पावसाळाही नीट काढत नाही.

आता तुमचं केसांचं तेल खवट का झालं ते पाहू. मला तीन कारणं दिसतात. ॲव्होकाडो तेल पानांबरोबर उकळलंत. पानं ओली होती. आणि तुम्ही लिहिल्याप्रमाणे कढई लोखंडी होती. लोखंड, तांबं, पितळ यांचे अंश तेलात उतरले की तेल हवेशी लवकर संयोग पावतं. लोखंडी कढईत तेल कढवायची पद्धत जुनी आहे, पण तेव्हा तेल महिन्याभरात संपायचं. सहा महिने बाटलीत राहणाऱ्या तेलाला स्टीलचंच भांडं घ्या.

एक किलोसाठी हे प्रमाण ठेवा: खोबरेल ७९५ ग्रॅम, ॲव्होकाडो २०० ग्रॅम, मिक्स्ड टोकोफेरॉल (तेल खवट होऊ न देणारं व्हिटॅमिन ई) ५ ग्रॅम. वजनावरच मोजा, मापाच्या भांड्यावर नको, कारण तेलाचं एक लिटर एक किलो भरत नाही. जास्वंद, कढीपत्ता, माका घालायचा तर सावलीत कुरकुरीत वाळवून, सगळं मिळून ४० ते ५० ग्रॅम. ते फक्त खोबरेलात घाला आणि मंद आचेवर ठेवा. पानांतलं पाणी संपेपर्यंत चरचर आणि बारीक बुडबुडे येत राहतात. ते पूर्ण थांबले की गॅस बंद करायचा. थर्मामीटर असेल तर ११० अंशांच्या वर जाऊ देऊ नका. पानं काळी पडायला लागली म्हणजे उशीर झाला. कोमट झाल्यावर कोरड्या मलमलीतून दोनदा गाळा, रात्रभर स्थिर ठेवा आणि तळाचा साका सोडून वरचं तेल घ्या. गाळताना ७९५ ग्रॅम उरलं नसेल तर साधं खोबरेल घालून वजन पूर्ण करा. ४० अंशांच्या खाली आल्यावर मग ॲव्होकाडो आणि टोकोफेरॉल मिसळा. ॲव्होकाडो तेलाला विस्तव दाखवायची गरजच नाही.

टोकोफेरॉलबद्दल एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण इथे बहुतेकांचं चुकतं. औषधाच्या दुकानातल्या व्हिटॅमिन ईच्या कॅप्सूलमध्ये बहुधा टोकोफेरिल ॲसिटेट असतं. ते त्वचेवर लावायला ठीक आहे, पण बाटलीतल्या तेलाला खवट होण्यापासून ते वाचवत नाही. त्यासाठी ‘मिक्स्ड टोकोफेरॉल्स’ लिहिलेलंच मागवा. आणि तेही तेल ताजं असतानाच घालायचं. एकदा खवट झालेलं तेल कशानेही परत येत नाही, सुगंध घालून वास झाकू नका. खवट तेल टाळूला चुरचुरतं.

बाटल्या हा पावसाळ्यातला खरा शत्रू. धुऊन पालथ्या घातलेल्या बाटलीच्या बुडाशी जुलैत चार दिवसांनीही पाण्याचा थेंब असतो. काचेच्या बाटल्या ओव्हनमध्ये ११० अंशांवर २० मिनिटं ठेवा. प्लॅस्टिकच्या असतील तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने खळखळून घ्या आणि पूर्ण उडू द्या. हे करताना जवळ चूल, शेगडी पेटलेली नको. बाटली तपकिरी रंगाची घ्या आणि गळ्यापर्यंत भरा, वर हवा कमी राहील. मोठ्या बाटलीपेक्षा १०० मिलीची बरी, कारण उघडल्यावर तेल तीन-चार महिन्यांत संपलं पाहिजे.

वापर कसा करायचा ते गिऱ्हाइकाला लिहून द्या: खांद्यापर्यंतच्या केसांना ५ ते १० मिली, न्हाण्याआधी दोन तास. आपल्याकडे तेल लावून रात्रभर वेणी घालायची सवय आहे, पण पावसाळ्यात ओलसर केसांवर तेल लावून झोपलं की टाळूला वास येतो आणि खाज सुटते. तारकर्ली-मालवणकडे पाण्यात काम करणारी मुलं असतील तर त्यांना वेगळं सांगा: समुद्रातून आल्यावर आधी गोड्या पाण्याने मीठ काढायचं, मग ओल्या केसांच्या टोकांना निव्वळ ॲव्होकाडोचे तीन-चार थेंब. आणि हे तेल उन्हापासून वाचवत नाही. कुठलंच नैसर्गिक तेल सनस्क्रीनची जागा घेत नाही.

आता बाम. इथे ॲव्होकाडो तेलाला खरा वाव आहे, कारण ते टाचेवर रात्रभर राहतं. पण बामचा कणा आपलं मुठेलच. कोकमाच्या तेलात निम्म्याहून अधिक स्टिअरिक आम्ल असतं, ते ३८ ते ४२ अंशांना वितळतं, म्हणून मे महिन्यातही घट्ट राहतं आणि अंगाच्या उबेने नरम होतं. बाहेरून शिआ बटर मागवायची तुम्हाला काहीच गरज नाही.

१०० ग्रॅमसाठी: मुठेल २५ ग्रॅम, मधमाशीचं मेण १८ ग्रॅम, खोबरेल १७ ग्रॅम, ॲव्होकाडो ३९.५ ग्रॅम, मिक्स्ड टोकोफेरॉल ०.५ ग्रॅम. मेणबत्तीचं मेण चालणार नाही. हे प्रमाण उन्हाळ्याचं आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मेण १४ ग्रॅम करा आणि ॲव्होकाडो ४३.५, नाहीतर बाम बोटाने निघत नाही.

घरगुती मुठेल आधी साफ करावं लागतं. बिया वाटून पाण्यात उकळून, वर आलेलं तेल हाताने वळून गोळे केलेले असतात. त्यामुळे आत पाणी आणि चोथा राहतो. गोळा वितळवून चरचर थांबेपर्यंत तापवा, दाट कापडातून दोनदा गाळा. हे न करता वापरलेल्या मुठेलाचा बाम जुलैत वरून बुरशीतो.

रवाळपणाचं कारण सावकाश थंड होणं. बाम मेमध्ये ओट्यावर ठेवून निववला, म्हणजे तो दोन-तीन तास कोमटच राहिला. त्या वेळात मुठेलातलं स्टिअरिक असलेलं घट्ट चरबीद्रव्य सुटं होऊन त्याचे दाणे बनले, आजूबाजूचं तेल मऊ राहिलं. साजूक तुपाला दाणा येतो तसंच हे, फक्त तुपात तो आपल्याला हवा असतो. दुसरं कारण असं की वितळवताना पूर्ण वितळवलं नाही. भांडं वरून स्वच्छ दिसलं तरी आत बारीक दाणे शिल्लक असतात आणि पुढचे दाणे त्यांच्याभोवती जमतात.

म्हणून असं करा. मोठ्या पातेल्यात पाणी तापवून त्यात स्टीलचं भांडं ठेवा. मेण आणि मुठेल आधी, ते वितळलं की खोबरेल. ७५ अंशांवर पूर्ण १० मिनिटं राहू द्या. मग आच बंद करून ॲव्होकाडो तेल बारीक धारेने घाला. थंड तेलामुळे मेणाच्या गुठळ्या झाल्या तर घाबरू नका, ढवळत राहा, गरम पाण्यातच त्या विरघळतात. ६० अंशांच्या आसपास टोकोफेरॉल घालून लगेच डब्यांत ओता आणि डबे उघडेच फ्रिजमध्ये अर्धा तास ठेवा. आता रवाळ झालेला तुमचा माल टाकायची गरज नाही. त्याला खवट वास नसेल तर तो पुन्हा ७५ अंशांवर १० मिनिटं वितळवून असाच झटपट थंड करा.

फ्रिजमधून काढताना आधी झाकण लावा आणि तासभर उघडू नका. आपल्या दमट हवेत थंड बामवर लगेच दव धरतं, आणि तेच पाणी पुढे डब्यात बंद राहतं. प्रत्येक खेपेतला एक डबा दिवसभर सर्वात गरम खोलीत ठेवून पाहा. बोट दाबल्यावर खळगा पडला पाहिजे, तेल सुटता कामा नये. सुटलं तर पुढच्या खेपेला मेण दोन ग्रॅम वाढवा आणि तेवढं ॲव्होकाडो कमी करा.

भातलावणीच्या दिवसांत लोक हाच बाम चिखल्यांसाठी मागतील. त्यांना स्पष्ट नाही म्हणा. टाचेच्या भेगा कोरडेपणाने पडतात, त्यांना बाम उपयोगी आहे. चिखल्या बोटांच्या बेचक्यात ओल साचून होतात. वरून मेण आणि तेल लावलं तर ओल आतच कोंडते आणि दुखणं वाढतं. तिथे पाय कोरडे ठेवणं आणि बुरशीवरचं औषध हाच उपाय.

साबणाबद्दल तुम्ही शेवटी विचारलंत. ॲव्होकाडो तेल त्यात घालू नका. कॉस्टिक सोड्याच्या क्रियेत तेलाचा बहुतेक भाग साबणच होतो, आणि उरलेलं मिनिटभरात धुऊन जातं. क्रीमचंही सध्या मनावर घेऊ नका. त्यात पाणी आलं की परिरक्षक (प्रिझर्व्हेटिव्ह) आणि जंतुतपासणी दोन्ही लागतं, आणि आपल्या पावसाळ्यात परिरक्षकाशिवाय क्रीम फ्रिजमध्येही आठवडाभर विश्वासाने ठेवता येत नाही. टोकोफेरॉल हे काम करत नाही. ते तेलाला खवट होण्यापासून सांभाळतं, जंतू मारत नाही.

विक्रीसाठी सौंदर्यप्रसाधनं बनवायला २०२० च्या नियमांप्रमाणे राज्याच्या परवाना अधिकाऱ्याकडून, म्हणजे आपल्याकडे अन्न व औषध प्रशासनाकडून, उत्पादन परवाना लागतो. गट लहान आहे म्हणून सूट मिळेल असं धरून चालू नका, जिल्ह्याच्या कार्यालयात जाऊन विचारा. तोवर प्रत्येक खेपेची वही ठेवा: तारीख, कुठल्या तेलाचा कुठला लॉट, वजनं, तापमान. एखादी बाटली परत आली तर त्या खेपेत काय वेगळं झालं ते वहीतून सापडतं.

तुम्ही मुठेल गोळ्याचं घेता की गिरणीतलं, आणि बामचा डबा पत्र्याचा आहे की प्लॅस्टिकचा, हे कळवा. गिरणीतलं असेल तर ते बहुधा जास्त कडक असेल, आणि मेण १८ ऐवजी १६ ग्रॅमने सुरुवात करायला सांगेन.